पाटीमागचा रंग

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. दहावीपर्यंत निबंध लिहिले ते माय मदर आणि अ रेनी डे यांवर. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादिकेने (ती माझी रूममेट आहे, म्हणजे नाही म्हणायची सोयच नव्हती) एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिही असं सांगितलं, तेव्हा मला घाम फुटला. शिवाय थोर माणसं सगळी आधीच वाटून झाली होती. टिळक सिव्हिलवाल्यांनी घेतले, विश्वेश्वरय्या इलेक्ट्रिकलला गेले, आणि कलाम सरांवर तर तिघांनी लेख दिले! मेकॅनिकलच्या मुलीकडे उरला एक जुना ट्रक. तर ही त्या ट्रकची आणि ट्रकच्या पाटीवर मला भेटलेल्या माणसाची गोष्ट.

आमचं घर तेल्हाऱ्याचं. अकोला जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, काळ्या मातीचा आणि कापसाचा हा तालुका. घरामागे चिंचेखाली एक फारगो ट्रक माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून उभा आहे. पुढे लांब बॉनेट आणि दोन गोल दिवे. १९५० च्या दशकात पणजोबांनी तो घेतला तेव्हा आबा दहा वर्षांचे होते. जिनिंगमधून रुईच्या गाठी अकोल्याला न्यायच्या, हे त्याचं काम. तीसेक वर्षं तो राबला, मग इंजिन बसलं ते बसलंच. पुढे कोंबड्या त्यात अंडी घालायच्या आणि आम्ही चुलत भावंडं घर-घर खेळायचो.

मागच्या वर्षी आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन अकोल्याला करायचं ठरलं. तसे आबा घाबरणारे नाहीत, पण त्यांनी एक अट घातली. पणजोबांनी आणला त्या दिवशी ट्रक जसा दिसत होता, तसा त्यांना एकदा पाहायचा होता. न जाणो, नंतर दिसलंच नाही तर! दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले, तर सगळ्यांनी हे काम माझ्याच अंगावर टाकलं. मी इंजिनिअर होणार ना!

पहिलाच प्रश्न, रंग कोणता? काका म्हणाले लाल. बाबा म्हणाले भगवा. आबा म्हणाले मोरपंखी, हिरव्यात निळ्याची झाक असलेला. एका ट्रकचे तीन साक्षीदार, आणि तिघे तीन रंग सांगत होते.

गावातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या चाचांनी मला युक्ती शिकवली. बॉनेटवर हाताच्या पंजाएवढी जागा घ्यायची आणि पाणी टाकत वॉटर पेपरने गोल गोल घासत जायचं. मध्यभागी जास्त, कडेला कमी. कोरडं अजिबात घासायचं नाही आणि तोंडाला मास्क लावायचा, कारण जुन्या रंगांत शिसं असायचं आणि त्याची धूळ पोटात गेली तर विष. (आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याने ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. म्हणजे अगदी अलीकडे.) असं घासलं की झाडाच्या खोडात दिसतात तशी कंकणं उमटतात. सगळ्यांत बाहेर भगवा, मग लाल, मग हिरवा, त्याखाली राखाडी प्रायमर आणि मधोमध चकचकीत पत्रा. म्हणजे काकाही खरे आणि बाबाही खरे! ज्याने ज्या वयात ट्रक पाहिला, त्याला तो रंग मूळ वाटत होता.

पण खालचा हिरवा मोरपंखी नव्हता. शेवाळ वाळल्यावर दिसतं तसा मळकट होता. मी आबांना हात धरून आणलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि मान हलवली. हा नव्हे. ते काही न बोलता घरात निघून गेले, आणि मला फार वाईट वाटलं.

चाचा म्हणाले, उन्हात राहिलेला रंग साक्षीला घेऊ नको. वऱ्हाडचं ऊन उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या पुढे जातं. त्यात रंगाचं बाइंडर आधी मरतं, वरचा थर खडूसारखा होतो आणि रंगद्रव्यही फिकं पडतं. दुसरा थर बसेपर्यंत हे सगळं होऊन गेलेलं असतं, त्यामुळे खालून निघतो तो मूळ रंग नसतो, उन्हाने खाल्लेला रंग असतो. जिथे ऊन, पाणी, हात काहीच पोचलं नाही अशी जागा शोध, असं त्यांनी सांगितलं. सीटखाली पाहिलं, तिथे गंज. डॅशबोर्डच्या मागे ग्रीस. शेवटी बॉनेट उघडून इंजिनमागच्या पत्र्यावर टॉर्च मारला तर तिथे एक पाटी दिसली. वर पाच थर रंग चढलेला, म्हणून आजवर कुणाला दिसलीच नव्हती. चाचांनी तिचे चार रिव्हेट जपून काढले.

पाटीमागे एक तळहाताएवढा चौकोन होता. निळसर हिरवा, ओला वाटावा इतका ताजा! आणि पाटी थिनरने पुसली तेव्हा अक्षरं वर आली. द प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड, बॉम्बे.

फारगो ही अमेरिकन गाडी, असं मी समजत होते. मग मुंबईची पाटी कशी? त्या रात्री गच्चीवर बसून शोधत गेले आणि एका नावापाशी पोचले. वालचंद हिराचंद. खरं सांगते, तोवर वालचंद म्हणजे माझ्यासाठी सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं, ज्याच्या कटऑफला माझे मार्क लांबूनच नमस्कार करून परत आले होते. ते कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे त्या माणसाबद्दल मला एक ओळसुद्धा माहीत नव्हती.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. गुजराती बोलणारं दिगंबर जैन घराणं, कापसाचा व्यापार आणि सावकारी. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झालं, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. (बॅकलॉगवाल्या मित्रांनी या लेखातलं हे एकच वाक्य लक्षात ठेवू नये!) घरच्या व्यापारात त्यांचं मन रमेना. तेव्हा त्यांना लक्ष्मणराव बळवंत फाटक हा भागीदार भेटला. फाटक रेल्वेतले माजी कारकून. त्यांच्याकडे कामाची माहिती होती, वालचंदांकडे घरचं भांडवल आणि धाडस. दोघांनी बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं. आपल्या मूर्तिजापूरच्या शकुंतलेचा जो अडीच फुटी गेज, तोच तिचा.

तिथून कंत्राटं वाढत गेली. मुंबई-पुणे मार्गावरचे बोरघाटातले बोगदे, मुंबईला पाणी देणारी तानसाची पाइपलाइन. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू याच कंपनीने बांधला. इथपर्यंतचे वालचंद म्हणजे एक यशस्वी कंत्राटदार. इंग्रजांच्या राज्यात, इंग्रज सरकारची कामं घेऊन मोठा झालेला माणूस. काही लोकांनी शेवटपर्यंत त्यांचा हाच रंग पाहिला.

१९१९ मध्ये मात्र त्यांनी जे केलं ते निव्वळ नफ्याचा हिशेब करणारा माणूस करणार नाही. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज विकायला होतं. ते मुळात कॅनडियन पॅसिफिक कंपनीचं एम्प्रेस ऑफ इंडिया. महायुद्धात शिंद्यांनी ते घेऊन त्याचं इस्पितळी जहाज केलं आणि नाव ठेवलं लॉयल्टी. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या साथीने ते विकत घेतलं. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात तो याचसाठी. कंपनीचं नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. तेव्हा समुद्र ब्रिटिश कंपन्यांचा होता. त्यांनी भाडी इतकी पाडली की नवी कंपनी बुडावी. ती बुडाली नाही, पण १९२३ मध्ये दहा वर्षांच्या करारावर सही करावी लागली. जहाजं किती ठेवायची आणि कुठल्या मार्गाने न्यायची, यावर बंधनं आली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी गेले आणि वालचंद अध्यक्ष झाले ते १९५० पर्यंत.

याच काळात नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावला आणि इंदापूर तालुक्यात आजच्या वालचंदनगरला त्यांनी माळरानावर ऊस आणि साखर उभी केली. पान पसंद गोळी खाल्ली आहे ना? ती रावळगावची. २०२४ मध्ये हा गोळ्यांचा ब्रँड रिलायन्सने विकत घेतला. आणि वालचंदनगरच्या कारखान्यात आज इस्रोच्या रॉकेटांचे भाग बनतात.

आता गाड्यांकडे येते, कारण आमचा ट्रक तिथेच आहे. भारतात मोटारचा कारखाना हवा हा आग्रह विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात धरला होता. (इलेक्ट्रिकलवाल्यांनी हे लिहिलं आहे की नाही बघायला हवं.) तेव्हा जनरल मोटर्स मुंबईत १९२८ पासून गाड्या जोडत होती. फक्त जोडत होती, बनवत नव्हती. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. पण युद्ध सुरू झालं होतं आणि सरकारला हा कारखाना नको होता. परवानग्या नाहीत, परकीय चलन नाही. याच प्रवासात विमानात त्यांची ओळख विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी झाली. मोटारला परवानगी मिळेना, तर वालचंदांनी तोवर विमानाचा कारखाना काढला! डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू झाली. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. आणि १९४४ मध्ये अखेर मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली, कारखाना कुर्ल्याला. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी एकाच माणसाने, परक्या राज्यात, जेमतेम पाच वर्षांत. आपल्याला एका सेमिस्टरमध्ये एक मिनी प्रोजेक्ट होत नाही.

सुरुवातीला कुर्ल्यातही अमेरिकेहून पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडूनच डॉज, फारगो, प्लिमथ बनत. मग फरक काय? फरक एवढाच की इथे एकेक भाग देशात बनवायचा कार्यक्रम होता. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं की ज्यांना इथे उत्पादन करायचं नसेल, त्यांनी नुसती जोडणी चालू ठेवू नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. पुढे फियाटची गाडी, तिची पद्मिनी आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी हा सगळा इतिहास त्याच कारखान्याचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

वालचंदांनी स्वतः यातलं फार थोडं पाहिलं. विमानाचा कारखाना १९४२ मध्ये युद्धाच्या कारणाने सरकारकडे गेला. तीच आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स. १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणमला जलउषा हे जहाज नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. पुढच्याच वर्षी वालचंदांना पक्षाघात झाला. १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी शेवटपर्यंत त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला ते वारले, वय सत्तर. नंतर जहाजाचा कारखानाही सरकारी झाला, सिंदियाची जहाजं हळूहळू संपली, कुर्ल्याचा कारखाना बंद पडला. त्यांच्या बहुतेक कामांवर आज दुसऱ्याच कुणाचं नाव आहे.

हे सगळं वाचून झालं आणि मला आमचं बॉनेट आठवलं. कुणी वालचंदांना देशभक्त म्हणतं, कुणी सरकारी कंत्राटदार, कुणी कर्ज काढून उड्या मारणारा साहसी शेठ. काका, बाबा, आबा यांच्यासारखंच! प्रत्येकाने आपापल्या थराचा रंग सांगितला आणि कुणीच खोटं बोललं नाही. पण खालचा रंग पाहायचा तर जिथे ऊन पोचलं नाही तिथे पाहावं लागतं. मला तो १९४० च्या आसपास दिसतो. वय अठ्ठावन्न, पैसा भरपूर, मोटारला परवानगी नाही. अशा वेळी माणूस घरी बसला असता तर कुणी नावं ठेवली नसती.

आता पुन्हा तेल्हारा. पाटीमागचा तुकडा आम्ही मोजून घेतला. अकोल्याच्या रंगाच्या दुकानात स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. तो रंगाचे तीन आकडे देतो. उजळपणा, लाल-हिरवा आणि पिवळा-निळा. दोन रंगांतल्या अंतराला डेल्टा ई म्हणतात. ते एकच्या आसपास आलं की साध्या डोळ्याला फरक कळत नाही. मशीनने ग्रॅममध्ये फॉर्म्युला दिला, दुकानदाराने डबा हलवला, आणि ट्यूबलाइटखाली रंग तंतोतंत जुळला. मी खुशीत उन्हात नेला तर हिरवा निराळा, निळा निराळा! याला मेटामेरिझम म्हणतात. जुन्या हिरव्यात बहुधा क्रोम यलो आणि प्रशियन ब्लू असणार, आजच्या डब्यात दुसरीच रंगद्रव्यं. एका उजेडात दोन्ही सारखे दिसतात, दुसऱ्या उजेडात फसवतात. चार वेळा डबा बदलला. शेवटी सकाळचं ऊन, दुपारची सावली आणि ट्यूबलाइट या तिन्हींत जुळेल असा रंग काढला, आणि तोही पूर्ण वाळल्यावर तपासला, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग सारखे नसतात.

आबांना मी शेजारी शेजारी पाच पत्रे दाखवले. त्यांनी आमचा जुळवलेला सोडून त्याहून निळा पत्रा उचलला. हाच, असं ठामपणे सांगितलं. आता काय करावं? ट्रक आबांचा, आठवण आबांची. पण पाटीमागचा तुकडा वेगळंच सांगत होता. मी चाचांना थांबवलं आणि होस्टेलवर परत आले.

डिसेंबरमध्ये आबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सेमिस्टर संपल्यावर घरी गेले तर आबा घरभर फिरून सगळं पाहत होते. भिंत पांढरी आहे हे त्यांना नव्याने कळलं होतं! मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा रंग अडवतं. म्हणून त्यांना आठवणीतला मोरपंखी गाठायला जास्त निळा लागत होता. मी पुन्हा तेच पाच पत्रे मांडले, क्रम बदलून. आबांनी एकेक हातात घेतला. आधी निवडलेला निळा त्यांनी बाजूला ठेवला, हा कुणी आणला म्हणून विचारलं. मग पाटीमागच्या रंगाचा पत्रा उचलला आणि उन्हात धरून उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. मी पण नाही.

आणखी एक गोष्ट कळली. हा मोरपंखी फक्त बॉनेट, मडगार्ड आणि इंजिनमागच्या पत्र्यावरच होता. केबिनच्या लाकडावर सगळ्यांत खालचा थर वेगळाच, विटकरी. त्या काळी कारखान्यातून ट्रक एवढाच यायचा, चासी आणि पुढचं तोंड. केबिन आणि मागची बॉडी इथले सुतार आणि पेंटर बांधायचे. म्हणजे आमच्या फारगोचं डिझाइन अमेरिकेचं, तोंड कुर्ल्याचं आणि अंग वऱ्हाडचं! काका म्हणाले, सगळाच मोरपंखी मारून टाकू, शोभेल. आबा नाही म्हणाले. ज्याने जे केलं त्याला त्याचा रंग. म्हणून आता पुढून मोरपंखी आणि केबिन विटकरी असा आमचा ट्रक चिंचेखाली उभा आहे. इंजिन अजून बसलेलंच आहे, ते माझ्या फायनल इयर प्रोजेक्टसाठी राखून ठेवलंय.

पाटी आम्ही घासून परत बसवली. रिव्हेटऐवजी स्क्रू लावले, म्हणजे सहज निघेल. तिच्यामागच्या चौकोनाला मात्र ब्रश लावू दिला नाही. तो तसाच आहे, कुर्ल्याहून आला तेव्हाचा. पुढे कधी कुणाला या ट्रकचा रंग पुन्हा जुळवावा लागला आणि घरात तीन जणांनी तीन रंग सांगितले, तर त्याने चार स्क्रू काढावेत आणि तिथे पाहावं.